दहा माणसं एका खोलीत

महोदय,

मोबाइलने माणसं तोडली, अशा सुराचा लेख गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मला तो अर्धाच पटला.

मी नागपुरात अजनीला राहते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. वडील रेल्वेत होते, बदलीवर इकडे आले आणि आम्ही इथलेच झालो. मूळ घर कोकणातलं. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आमच्या लोकांना तिकडे ‘शनवार तेली’ म्हणत. 1948 नंतर बरेचसे नातलग इस्रायलला गेले, उरलेले मुंबई-ठाण्यात. सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळही तिकडेच, इथून रात्रभराची गाडी.

तेव्हा फोनला मी नावं कशी ठेवू? शब्बाथचे, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे शुक्रवारी सूर्यास्ताआधी लावायचे असतात. नागपुरात सूर्य मुंबईच्या वीस-तीस मिनिटं आधी मावळतो, त्यामुळे तिकडच्या कॅलेंडरवर भागत नाही. आता नेमकी वेळ फोनवर मिळते. त्याआधी इस्रायलमधल्या अश्दोदला बहिणीशी बोलून होतं. तिच्याकडे तेव्हा दुपार असते, स्वयंपाक अर्धा झालेला. मग दिवे लावले की फोन कपाटात, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. हल्ली याला डिजिटल उपवास म्हणतात आणि एकेकट्याने करतात. एकट्याने फोन बंद केला तर माणूस भिंतीकडे बघत बसतो. आमच्याकडे सगळं घर एकाच वेळी बंद करतं, म्हणून गप्पा होतात. दार फाळणीच्या सणाला (योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस) तर दिवसभर उपास आणि प्रार्थना, बाहेरच्या जगाशी संबंधच नाही.

दुसरी गोष्ट दहा माणसांची. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. (बायकांना त्यात धरत नाहीत. मला ते मान्य नाही, पण तो वाद वेगळा.) करोनात पडद्यावर पन्नास चेहरे दिसायचे, तरी आमच्या रिवाजाने ते दहांत मोजले गेले नाहीत. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, ही अट मोठी हुशार आहे. दहावा माणूस हवा म्हणून कुणाच्या तरी दारात जावंच लागतं.

नागपुरात दहा जमणं कठीणच. पण नातवाची नोकरी लागली तेव्हा मलिदा केला. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, सुकामेवा, वर फळं. त्यात संत्री आपलीच. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन आशीर्वाद म्हटले. शेजारी झाडून आले. गोड पोहे बघून एका काकांनी हळूच तर्री आहे का विचारलं. आमचे दहा नव्हते, पण खोली भरली होती, आणि बोलावणं प्रत्येकाला घरी जाऊन केलं होतं.

सोसायटीच्या सभेलाही गणपूर्ती लागते. आमची सभा हल्ली ग्रुपवरच उरकते. लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च असाच मंजूर झाला, आणि तळमजल्यावरच्या आजींना तो पावती आल्यावर कळला. पुढची वार्षिक सभा गच्चीवर घ्या, फोन खाली ठेवून या आणि ग्रुपवर नसलेल्यांना घरी जाऊन सांगा, असं लेखी पत्र मी सचिवांच्या हातात दिलं. उत्तर ग्रुपवर आलं आहे: एक अंगठा.

– एक वाचक, अजनी, नागपूर