बावखल बुजले तर सुकेळी कुठून येणार?

महोदय,

गेल्या महिन्यात माझे सासरे वयाच्या ९३व्या वर्षी वारले. आपल्या दैनिकाच्या निधनवार्तेत ‘शेतकरी व सुकेळीचे (उन्हात वाळवलेल्या राजेळी केळ्यांचे) व्यापारी’ अशी त्यांची ओळख छापून आली. चार ओळींत याहून जास्त मावत नाही, हे मी जाणते. पण त्यांची शेती आणि व्यापार ज्या गोड्या पाण्यावर उभा राहिला, ते पाणी वसईच्या पश्चिम पट्ट्यातून हटत चालले आहे. त्या पाण्यासाठी आणि ते जमिनीत मुरवणाऱ्या बावखलांसाठी, म्हणजे गावातल्या लहान तळ्यांसाठी, हे पत्र.

सासऱ्यांचे, म्हणजे आमच्या बाबांचे, वडील लवकर गेले आणि वाडी त्यांच्या अंगावर पडली. त्या वेळी वाडीला पाणी रहाटाचे. पहाटे बैल जुंपायचे आणि पाट फिरवत केळी, अळू, पानवेल भिजवायची. १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी आली होती, त्यामुळे आगाशी-अर्नाळ्याकडचा भाजीपाला बैलगाडीने विरार स्टेशनावर आणि तिथून मुंबईला जाई. बाबाही पाट्या घेऊन दादरला जात. राजेळी केळ्यांना दलाल सांगेल तो भाव घ्यावा लागे, कारण पिकलेला माल परत कुठे नेणार? सासूबाई घरी, नातेवाइकांपुरती सुकेळी करीत. ती मुंबईतल्या एका दुकानदाराला बाबांनी दाखवली आणि तिथून धंदा सुरू झाला. व्यापारी बाबा झाले, पण हात सासूबाईंचे होते. हे त्यांच्या हयातीत कुणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते.

सुकेळी घाईने होत नाहीत. घड पूर्ण भरला की कापायचा, फण्या पेंढ्यात दाबून पिकवायच्या. सालावर काळे ठिपके पडले आणि बोटाला मऊ लागले की सोलायचे. मग मांडवावर एकेक केळे सुटे मांडून उन्हात घालायचे. संध्याकाळी दव पडायच्या आत सगळी गोळा करून सुक्या केळीच्या पानांत झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची, आणि रोज प्रत्येक केळ्याची बाजू बदलायची. असे आठवडाभर. मधे एकदा पिकल्या केळ्याच्या रसात थोडे तूप घालून त्यात ती बुडवून काढायची. मधाच्या रंगाची झाली, वाकवली तरी तुटली नाहीत, की सुक्या पानांत घट्ट बांधायची. साखरेचा कण नाही. एका व्यापाऱ्याने पाक लावून वजन वाढवायला सुचवले, तेव्हा बाबांनी त्याचा माल बंद केला. रविवारी मांडव हलवायला आम्ही घरचेच लागत असू, गडीमाणसांना सुट्टी. त्या दिवशी बाबांनी माल कधी पाठवला नाही, दिवाळीच्या तोंडावरसुद्धा नाही. चर्चमधली पहिली मिस्सा (प्रार्थना) चुकवली नाही. आगेऱ्याला, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाला, भाताच्या लोंब्या देवळात नेण्याचा मानही शेवटपर्यंत सोडला नाही.

पाण्याचे ऑइल इंजिन त्यांनी बॅसिन कॅथॉलिक बँकेच्या कर्जातून घेतले. १९१८ साली मॉन्सेनिअर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या बँकेने आमच्यासारख्या किती वाड्या सावकाराच्या दारातून परत आणल्या, हे आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. पुढच्या पिढीला सांगायला हवे.

इंजिन आल्यावर बाबांनी एक नियम केला. विहिरीचा तळ दिसू लागायच्या आत ते बंद करायचे. त्यांचे म्हणणे साधे होते. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके म्हणून त्याच्यावर तरंगते. वरचे फार उपसले की खालचे खारे वर चढते. पुढे शेजारच्या विहिरींवर मोटारी बसल्या, टँकर भरून पाणी नव्या इमारतींना जाऊ लागले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि ‘हरित वसई’ या पर्यावरण चळवळीच्या कार्यकर्त्यांनी याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा बाबा धंदा बाजूला ठेवून मोर्चात चालले. तोवर आमच्या एका विहिरीवरच्या केळीच्या पानांच्या कडा तांबूस करपू लागल्या होत्या. पानवेल तर त्याही आधी गेली. तिला खारे पाणी जराही सोसत नाही.

दुसरी विहीर मात्र अजून गोडी आहे. तिच्या वरच्या अंगाला बावखल आहे. पावसाळ्यात ते तुडुंब भरते आणि महिनोन्‌महिने जमिनीत झिरपत विहिरीला पाणी देते. वसईत गावोगाव अशी बावखले होती. घराच्या जोत्याला माती काढली, तिथे पाणी साठले, बदके आली, म्हशी डुंबल्या. आता ती रातोरात बुजतात. आमच्या बावखलात आमच्यासह भाऊबंदांचे हिस्से आहेत. त्यातला एक विकला गेला आणि या उन्हाळ्यात तिथे बांधकामाचा राडारोडा येऊन पडला. बाबा खाटेला खिळलेले होते. डंपरचा आवाज ऐकून त्यांनी मला बघायला पाठवले आणि परत आल्यावर कुठल्या कोपऱ्यात किती भराव झाला, ते बारकाईने विचारून घेतले.

महापालिकेकडे माझी मागणी अशी : सातबारा खासगी असला तरी प्रत्येक बावखल जलसाठा म्हणून विकास आराखड्यात दाखवावे आणि त्यावर भरावाची परवानगी कोणत्याही कारणाने देऊ नये. जे मालक ते राखतील त्यांना घरपट्टीत सवलत द्यावी. बावखल सगळ्या गावाची विहीर भरते आणि त्याचा तोटा एकट्या मालकाने सोसायचा, हे न्यायाचे नाही. ज्याने हिस्सा विकला त्याच्याही घरी लग्नाची मुलगी होती, हे मी विसरत नाही.

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्या फळाकडे बघण्याची नजर बदलली. आमची राजेळीही तशीच जपली जावी म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तिची निरोगी रोपे वसईच्या शेतकऱ्यांना द्यावीत, एवढेच विद्यापीठाकडे मागणे आहे. राजेळीची लागवड आता मोजक्या वाड्यांत उरली आहे.

आमच्या वाडीत बाबांनी राखलेली राजेळीची बेटे आहेत. पावसाआधी मुनवे (केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिल्ले) काढणार आहोत. ज्यांना लावायचे असतील त्यांनी आपल्या कार्यालयातून माझा पत्ता घ्यावा. पैसे घेणार नाही. येण्याआधी आपल्या विहिरीचे पाणी मात्र तपासून घ्यावे.

आपली,
एक वाचक, आगाशी, ता. वसई, जि. पालघर
(नाव व पत्ता कार्यालयात)