'१९६१' चं टिपण: रविवारपूर्वी वाचून घ्या

१९६१ सालची पुस्तकं आणि दिवाळी अंक गोळा करून आपण त्यांची नोंद करतोय. हे ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाचं वर्ष. अध्यक्षपदी लेखिका-समीक्षक कुसुमावती देशपांडे, हा मान मिळालेली पहिली स्त्री. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या गेल्या. त्यामुळे आधी त्यांच्यावरची टिपणं, मग बाकीचं.

घरातली १९६१ ची पुस्तकं, दिवाळी अंक रविवारी सकाळी दहाला आणावेत. साल मुखपृष्ठावरून ठरवू नका, शीर्षकपानाच्या मागे 'प्रथमावृत्ती' बघा. सगळ्यात जास्त घोळ शकाचा होतो. शके १८८३ मध्ये ७८ मिळवले की १९६१, पण पौष ते फाल्गुन छापलं असेल तर ७९, म्हणजे ते १९६२ चं. उलट माघ किंवा फाल्गुन १८८२ असेल तर खुशाल आणा. पुरस्काराचं साल म्हणजे प्रकाशनाचं साल नव्हे. साहित्य अकादमीचा १९६१ चा पुरस्कार द. न. गोखल्यांच्या 'डॉ. केतकर' या चरित्राला आहे, तरी आवृत्ती तपासूनच नोंद करा.

कागद पिवळा पडून कुरकुरीत झाला असेल तर झेरॉक्सवर पालथं दाबू नका, शिवण तुटते. मोबाइलवर दोन फोटो पुरेत: शीर्षकपान आणि त्याची मागची बाजू. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर अजिबात नको, डाग कायमचा राहतो.