दान करायचेच तर बरोबर उत्तराचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा संपल्या की संगणकाची आवड असलेली अनेक कॉलेजची मुलेमुली घरचा संगणक रात्रभर एखाद्या संशोधन प्रकल्पाला जोडून ठेवतात. प्रकल्पाचा सर्व्हर अवाढव्य गणिताचे लहान तुकडे पाडतो आणि घरोघरी पाठवतो. संगणक रिकामा असेल तेव्हा तुकडा सोडवतो आणि उत्तर परत धाडतो. मे १९९९मध्ये बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून सुरू झालेल्या, परग्रहावरच्या जीवांचे संदेश शोधणाऱ्या 'सेटी ॲट होम'ने ही पद्धत जगभर पोहोचवली. त्या प्रकल्पाने मार्च २०२०अखेर नवे काम देणे थांबवले, पण त्याच्याच अनुभवातून तयार झालेल्या 'बॉइंक' या प्रणालीवर आजही कितीतरी प्रकल्प चालतात. हे काम वाढावे असे मनापासून वाटते, म्हणूनच हे पत्र. या मुलांमध्ये एक समज पक्का बसला आहे: प्रोसेसर जितका ताणू तितकी विज्ञानाची सेवा जास्त. बहुतेक घरांत घडते ते नेमके उलटे.

ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला, संगणक गेम खेळताना बंद पडत नाही, म्हणजे तो 'स्टेबल' आहे असे धरले जाते. गेममध्ये एखाद्या चौकटीतला एक ठिपका सेकंदाच्या साठाव्या भागापुरता चुकीच्या रंगाचा आला, तर तो कोणाला दिसतो? गणितात ती सवलत नाही. मर्सेन मूळसंख्या शोधणाऱ्या 'गिंप्स' प्रकल्पाला ऑक्टोबर २०२४मध्ये सापडलेली संख्या घ्या: २चा १३,६२,७९,८४१वा घात वजा १. तिच्यात ४ कोटी १० लाखांहून अधिक अंक आहेत. अशी संख्या तपासताना तितक्याच आकाराच्या संख्येचा वर्ग ओळीने १३ कोटी ६२ लाखांहून अधिक वेळा करावा लागतो आणि प्रत्येक पायरी आधीच्या उत्तरावर उभी असते. नवव्या कोटीतल्या एका पायरीवर एक बिट (० किंवा १ हा एक आकडा) उलटला की पुढचे सगळे उत्तर कचरा. संगणक मात्र चालूच राहतो, पंखे फिरत राहतात, बिल चढत राहते.

सुदैवाने या प्रकल्पाच्या 'प्राइम९५' या प्रोग्रॅममध्ये चूक पकडण्याची सोय आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. इतके मोठे गुणाकार तो अपूर्णांकी गणिताने करतो. आलेले प्रत्येक उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ असायला हवे. जवळच्या पूर्णांकापासून जास्तीत जास्त अंतर पडू शकते ते ०.५, म्हणजे दोन पूर्णांकांच्या बरोबर मध्ये. अंतर ०.४च्या पुढे गेले की उत्तर या पूर्णांकाचे की त्या, हे विश्वासाने सांगता येत नाही. तेव्हा पडद्यावर ओळ येते: 'फेटल एरर: राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४'. ओव्हरक्लॉक करणाऱ्यांना ही ओळ तोंडपाठ असते. तिचा अर्थ साधा आहे: या व्होल्टेजला या वेगाने हा कोअर (प्रोसेसरमधला एक गणनाविभाग) बेरीज-गुणाकार चुकतो आहे. चूक कोणत्या वर्करमध्ये (एकेका कोअरला दिलेल्या कामात) आली यावरून दुबळा कोअरही शोधता येतो. याशिवाय २०१८च्या सुमारास गेर्बिच तपासणी आली. साधारण दर दहा लाख पायऱ्यांनी ती आधीच्या पायऱ्यांचा ताळा करते. ताळा जुळला नाही तर काम शेवटच्या खात्रीच्या टप्प्यावर मागे जाते. उत्तर वाचते, पण मधले तास वाया जातात. ताणलेला प्रोसेसर दिवसातून दोनदा मागे फिरत असेल, तर वेग वाढवून मिळवलेले सगळे तिथेच गेले.

प्रत्येक प्रकल्पाकडे असा ताळा नसतो. बॉइंकवरचे अनेक प्रकल्प एकच तुकडा दोन अनोळखी संगणकांना देतात आणि उत्तरे जुळली तरच स्वीकारतात. ऑगस्ट २०१०मध्ये 'आइन्स्टाइन ॲट होम'ने अरेसिबो दुर्बिणीच्या माहितीतून सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा एक पल्सार (ठराविक लयीत लहरींचे ठोके पाठवणारा तारा) जाहीर केला, तेव्हा त्याचे श्रेय अमेरिकेतल्या आयोवाचे एक दाम्पत्य आणि जर्मनीतला एक जण अशा दोघांच्याही संगणकांना मिळाले, ते याच कारणाने. आता आपले उत्तर चुकले तर काय होते पाहा. दोन उत्तरे जुळत नाहीत, म्हणून सर्व्हर तोच तुकडा तिसऱ्याला देतो. म्हणजे आपण एक तुकडा सोडवला नाहीच, वर दुसऱ्या कोणाची तरी वीज आणि वेळ खर्ची घातली. 'आइन्स्टाइन ॲट होम' हाच प्रकल्प गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळांच्या माहितीत फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या अखंड गुरुत्वीय लहरी शोधतो. लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होते आहे. आपल्या मुलांना या प्रकल्पाविषयी ओढ वाटावी याला एवढे कारण पुरेसे आहे, आणि म्हणूनच त्यांनी पाठवलेले उत्तर निर्दोष असावे.

आता विजेचा हिशोब. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा ४.५ गिगाहर्ट्झला १.२० व्होल्टवर प्रोसेसर १४० वॅट घेतो. तो ४.९वर न्यायला १.३५ व्होल्ट द्यावे लागले, तर वेग ९ टक्के वाढला, पण वीज गेली १९३ वॅटवर, म्हणजे ३८ टक्के जास्त. चोवीस तास चालवला तर महिन्याला ३८ युनिट नुसते जास्तीचे. उलट ४.२ गिगाहर्ट्झ आणि १.१० व्होल्ट ठेवले तर काम ७ टक्क्यांनी घटते आणि वीज ११० वॅटवर येते, म्हणजे जवळजवळ २२ टक्के वाचते. दर युनिटमागे सर्वांत जास्त विज्ञान या खालच्या टोकाला होते. शिवाय आपल्याकडे बिल टप्प्यांनी चढते. भिंतीतून २०० वॅट ओढणारा संगणक अखंड चालला तर महिन्याला १४४ युनिट होतात, आणि २५० युनिट वापरणारे घर त्याने ३०१ ते ५००च्या टप्प्यात जाते. हिशोब करताना सरासरी दर धरू नका, सर्वांत वरच्या टप्प्याचा धरा. यातली बहुतेक युनिटे त्याच दराने मोजली जाणार असतात.

उन्हाचे तर बोलायलाच नको. हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता काढून घेणारा धातूचा ठोकळा) प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. एखाद्या कूलरवर प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंश वर राहत असेल, तर जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत तो ७५ला असतो. मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला बंद खोली ४२वर गेली की तोच ९२ला. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांना आणि एएमडी कंपनीची रायझन ७००० मालिका ९५ला स्वतःहून वेग कमी करते. तापमान वाढते तशी गळतीची वीज (काम न करता चिपमधून झिरपणारी) वाढते, ती आणखी उष्णता करते, आणि जो वेग हिवाळ्यात एका व्होल्टेजला बिनचूक चालत होता तोच उन्हाळ्यात त्याच व्होल्टेजला चुकू लागतो. डिसेंबरमध्ये केलेली चाचणी मे महिन्यात ग्राह्य धरू नये. चाचणी दुपारी तीनला, पंखा बंद असलेल्या खोलीत घ्या.

तरीही कोणाला ओव्हरक्लॉक करायचेच असेल, तर क्रम असा ठेवा. आधी बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये) सगळे मूळ सेटिंग करून रॅम तपासा. मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा, किमान चार फेऱ्या, आणि चूक शून्यच हवी. 'फक्त एक चूक' म्हणजे नापास. मग रॅमचे एक्सएमपी किंवा एक्स्पो (छापील जास्त वेगाचे तयार सेटिंग) चालू करा आणि पुन्हा तितक्याच फेऱ्या घ्या. एक्सएमपी हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे दुकानात कोणी सांगत नाही. घरगुती संगणकात सहसा ईसीसी रॅम (स्वतःच्या चुका पकडून दुरुस्त करणारी) नसते, त्यामुळे तिथली चूक कोणी पकडत नाही. चार स्लॉट भरलेले असतील तर एक्सएमपीचा छापील वेग अनेकदा झेपत नाही. एक पायरी खाली उतरा. प्रोसेसरचा वेग १०० मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी वाढवा. प्रत्येक पायरीला प्राइम९५ची 'स्मॉल एफएफटी' अर्धा तास, आणि थांबायचे तिथे 'स्मॉल एफएफटी' बारा तास आणि 'ब्लेंड' बारा तास. पहिली सर्वांत जास्त उष्णता काढते, दुसरी रॅम आणि मेमरी कंट्रोलर यांना घुसळते. सगळे पार पडले की १०० मेगाहर्ट्झ खाली येऊन तिथेच राहा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'व्हीआ-लॉगर' या नावाखाली १९ क्रमांकाची नोंद दिसली, तर हार्डवेअरने चूक करून स्वतःच दुरुस्त केली असे समजा. संगणक वरवर ठणठणीत दिसत असला तरी तो काठावर आहे. १८ क्रमांकाची चूक दुरुस्त न झालेली असते, आणि तिच्यासोबत बहुधा संगणक रीस्टार्ट झालेला असतो.

ग्राफिक्स कार्डाची गंमत वेगळी. नव्या कार्डांची मेमरी वाहतुकीतली चूक ओळखून माहिती पुन्हा मागवते. त्यामुळे मेमरी क्लॉक वाढवत नेला की एका टप्प्यानंतर कार्ड बंद पडत नाही, काम मात्र हळू होऊ लागते. वेळ मोजल्याशिवाय हे कळत नाही. एकच तुकडा किती मिनिटांत सुटतो ते वहीत लिहून ठेवा. विज्ञानासाठी कार्डाची पॉवर लिमिट (जास्तीत जास्त वीज घेण्याची मर्यादा) ७० ते ७५ टक्क्यांवर आणणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. वेग थोडासाच उतरतो आणि पंख्याचा आवाज घरातल्यांना झोपू देतो. प्रोसेसरसाठी रायझनमध्ये वीज कमी घेणारा इको मोड आहे, इंटेलमध्ये दीर्घकाळची पॉवर लिमिट ६५ वॅटवर ठेवता येते. हाताने व्होल्टेज कमी करण्यापेक्षा हे बरे, कारण फार खाली आणलेले व्होल्टेजही तशाच चुका करवते आणि त्याचीही वर सांगितलेली सगळी चाचणी घ्यावी लागते. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असतील, तर २०२४मध्ये आलेले मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) असलेले बायोस आधी भरा. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने कायमचे झिजत होते. झिजलेला प्रोसेसर बायोसने बरा होत नाही, त्यासाठी वॉरंटीच मागावी लागते.

वीज जाते तिथे दोन गोष्टी पाहा. आधुनिक एसएमपीएस (संगणकातला वीज पुरवठा करणारा डबा) स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कुरकुरतात किंवा बंद पडतात. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या आणि त्याचे बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा, नाहीतर वीज बदलण्याच्या क्षणीच संगणक रीस्टार्ट होतो. स्वस्त एक्स्टेंशन बोर्ड अखंड भाराला सैल होतात आणि तापतात. पिन थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि तासाभराने प्लगला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

बॉइंकच्या सेटिंगमध्ये उष्णता कमी करायला लोक 'सीपीयू टाइम' ६० टक्के करतात. त्याने प्रोसेसर सेकंदासेकंदाला थांबतो-चालतो आणि तापमान करवतीसारखे वरखाली होते. वेळ १०० टक्केच ठेवा आणि कोअरची संख्या कमी करा, आठातले सहा. चेकपॉइंट (झालेले काम डिस्कवर जपून ठेवणे) मूळचे ६० सेकंदांचे असते. जिथे वीज सारखी जाते तिथे ते तसेच राहू द्या. कामाचा साठा अर्ध्या दिवसापेक्षा जास्त मागवू नका. मुदती बहुधा दोन आठवड्यांच्या असतात, पण सुट्टी संपून संगणक बंद झाला की साठवलेले तुकडे अडकून पडतात.

पहिल्या आठवड्यात प्रकल्पाच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यातली 'इनव्हॅलिड' आणि 'एरर' ही दोन सदरे रोज उघडून पाहा. निरोगी संगणकावर ती जवळजवळ रिकामी असतात. तिथे आकडा वाढू लागला तर आधी 'नो न्यू टास्क्स' दाबा, मग हातातले उरलेले तुकडे 'अबॉर्ट' करा. मुदत संपायची वाट पाहत ते पडून राहिले तर सर्व्हरही तितके दिवस थांबतो. अबॉर्ट केलेला तुकडा तो लगेच दुसऱ्या कोणाकडे पाठवतो. त्यानंतर बायोस मूळ सेटिंगवर आणा आणि रॅमपासून पुन्हा सुरुवात करा.

आपला,
एक वाचक