नानांच्या शेजारी येऊन बसलेल्या कॅप्टनसाहेबांस

आदरणीय कॅप्टनसाहेब,
सादर नमस्कार.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोलीच्या किनाऱ्यावरचे आमचे आगर आडवे केले. त्यानंतरच्या दिवसांत आपण आमच्यासाठी जे केलेत, त्याबद्दल हे आभाराचे पत्र आहे. ते उघडपणे लिहीत आहे, कारण त्या वेळी इतरांनी आम्हांला काय सांगितले आणि आपण काय सांगितलेत, यातला फरक गावाबाहेरच्या माणसांनाही कळावा असे मला मनापासून वाटते.

वादळानंतर गावात गाड्या पुष्कळ आल्या. कोणी रस्त्यावरूनच पडलेल्या पोफळी मोजल्या, कोणी उडालेल्या कौलांपुढे उभे राहून फोटो काढून घेतले आणि निघताना प्रत्येकाने धीर दिला, की वीज दोन दिवसांत येईल, भरपाई लगेच मिळेल, बाग बघता बघता उभी राहील. त्यांच्यापैकी कोणी दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. पण ज्याचे सर्वस्व गेले आहे त्याला गोड बोलून वाटेला लावणे म्हणजे त्याला एकटे टाकणेच असते, आणि त्या गोड बोलण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आपण आलात ते टाळेबंदीमुळे गावी परतलेल्या चाकरमानी मुलांना घेऊन, कोयते आणि कुऱ्हाडी घेऊन. वाट कशी मोकळी झाली, छपरे कशी शाकारली गेली, हे सारे गावाला ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते निराळेच. माझे वडील आगरात पडलेल्या पोफळीच्या खोडावर बसून असत आणि कोणाशीही बोलत नसत. आपण चपला काढून त्याच खोडावर त्यांच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "नाना, महिनाभर तरी वीज येईल असं मला वाटत नाही. भरपाई मिळाली तरी तिच्यानं ही बाग भरून निघणार नाही. आणि आज लावलेली पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जाणार, हे तुम्हाला मी काय सांगायचं?" पडवीत उभी राहून मी ते ऐकत होते आणि ते शब्द मला फार कठोर वाटले. पण आपण उठून गेला नाहीत. थोडा वेळ तसेच बसून राहिलात आणि मग विचारलेत, "बियाणाला सुपारी कुठल्या झाडाची धरायची? मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल तसं पोरांकडून करून घेतो." नानांनी विहिरीकडे अजून उभ्या असलेल्या दोन-तीन पोफळींकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "त्यांची. पण आधी केळी लावा, सावली नसली तर रोपं करपतील." वादळानंतर त्यांनी आपणहून काही सांगितले ते तेव्हाच.

विजेविना गेलेल्या त्या रात्री देवळाच्या सभामंडपात कंदिलाभोवती बसून आपण मुलांना लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांच्या हकिकती सांगत असा. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत पलटणीचे नेतृत्व करून डी.एस.ओ. हे ब्रिटिश लष्करी सन्मानपदक मिळवलेले थोरात मुलांना साहजिकच आवडले. मला मात्र कोरियातले थोरात अधिक जवळचे वाटले. १९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबल्यावर, मायदेशी परतायला तयार नसलेल्या २२,००० हून अधिक युद्धकैद्यांची जबाबदारी त्यांच्या हाताखालच्या भारतीय फौजेवर होती. कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेले, तेव्हा थोरात निःशस्त्र आत गेले, संतापलेल्या जमावाशी बोलले आणि आपला अधिकारी सोडवून घेऊन बाहेर आले.

त्यानंतरची हकिकत सांगताना आपला आवाज बदलत असे. पूर्व विभागाचे प्रमुख असताना, १९५९ मध्येच थोरातांनी लेखी कळवले होते, की ईशान्य सीमेवर चीनकडून धोका आहे आणि हाताशी असलेले सैन्य त्याला पुरे पडणार नाही. १९६० च्या मार्चमध्ये लखनौला 'लाल किल्ला' या नावाचा सराव घेऊन त्यांनी तेच पुन्हा मांडले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते पटले नाही. १९६१ मध्ये लष्करप्रमुख जनरल थिमय्या निवृत्त झाले; आपल्या जागी थोरात यावेत ही त्यांची शिफारसही मानली गेली नाही, आणि पुढच्याच वर्षी युद्ध झाले. "मग खरं सांगून त्यांना मिळालं काय?" असे एका मुलाने तिडिकीने विचारले होते. आपण त्याला म्हणालात, "वरच्याला आवडेल तेवढंच कळवणारा अधिकारी खालच्या जवानाचा जीव घालवतो. थोरातांनी तसं केलं नाही, एवढं मला पुरतं."

नानांशी आपण तसे का बोललात, ते मला त्या रात्री उमगले. खरे बोलणारी माणसे आपल्याकडे आहेत, पण त्यांच्यातली बरीचशी ते दुरून सुनावतात. आणि मायेने जवळ येणारी माणसे बहुधा खरे टाळतात. जवळ येऊन, बरोबरीने बसून खरे सांगणारा आणि सांगून झाल्यावर हाताखाली राबायला तयार असणारा माणूस मी आपल्यामुळे पाहिला. असा साधा चांगुलपणा गावात एकाजवळ जरी असला, तरी आजूबाजूच्या मुलांना तो लागतो. आपल्याबरोबर आलेली मुले पुढे कितीतरी दिवस, कोणी न सांगता, घरोघर जाऊन विचारपूस करीत होती.

वीज आली तेव्हा महिना उलटून गेला होता. भरपाईही आपण म्हणाला होतात तशीच अपुरी निघाली. आम्ही मात्र कशाचीच वाट पाहत बसलो नव्हतो, आणि त्याचे सारे श्रेय आपल्याला आहे.

नानांनी आपल्या परसासाठी पोफळीची रोपे राखून ठेवली आहेत, ती न्यायला पावसाच्या तोंडावर अवश्य यावे. आलात की एक दिवस आमच्या शाळेलाही द्यावा, अशी माझी विनंती आहे. त्या रात्री सभामंडपात बसलेली मुले आता मुंबई-पुण्याला कामाला लागली आहेत, आणि माझ्या आताच्या वर्गाने थोरातांचे नावही ऐकलेले नाही. कोरियाची ती हकिकत त्यांनी आपल्याच तोंडून ऐकावी.

आपली ऋणी,
नानांची मुलगी