मुंबई ते न्यूयॉर्क किती तास?

संपादक साहेब, नमस्कार,

सुट्ट्या आल्या की मुलांकडे अमेरिकेला निघालेले आईबाबा हमखास विचारतात, किती तासांची फ्लाइट, आणि तिकिटावरच्या वेळा वजा करून गोंधळतात. रात्री दीडला मुंबई सोडली, सकाळी साडेसातला न्यूयॉर्क, म्हणजे सहा तास? अहो, उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे, ते मिळवा, झाले साडेपंधरा. हिवाळ्यात साडेदहा मिळवायचे, कारण तिकडची घड्याळं तासभर मागे जातात (आपल्याकडे ही भानगड नाही ते एक बरंय).

अंतराचंही तसंच. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सरळ अटलांटिकवरून जाते, पण पृथ्वी गोल आहे, त्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता उत्तरेला वळून पार आर्क्टिक सर्कलच्या जवळून जातो, साधारण 12,500 किमी. ताशी 900 नं भागलं तर चौदाच तास येतात, मग वरचा वेळ जातो कुठे? जाताना समोरून जेट स्ट्रीमचा (उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारा) वारा, येताना तोच पाठीमागून, म्हणून परतीला वेळ कमी. शिवाय काही देशांचं विमानांना बंद असलेलं आकाश. 2022 पासून फिनलंडच्या फिनएअर या विमान कंपनीला रशियावरून उडता येत नाही, तर हेलसिंकी-टोकियो साडेनऊचे तेरा तास झाले, विमानतळ जागचे हलले नाहीत तरी!

तर तुमच्या पर्यटन पुरवणीत नुसतं किमी न छापता जातानाचे आणि येतानाचे तास वेगवेगळे द्या की.

– एक वाचक, डोंबिवली