रिपोर्टातल्या एका ओळीबद्दल

नागपूर,
दि. १२ जानेवारी

प्रिय सदाशिव,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि बायोप्सीचा रिपोर्ट मिळाला. ‘ट्यूब्युलर ॲडिनोमा, लो ग्रेड डिस्प्लेझिया’ या ओळीखाली लाल शाईची रेघ ओढून तू समासात ‘म्हणजे कॅन्सरच ना?’ असे लिहिले आहेस; आयुष्यभर मुद्रिते तपासलेल्या माणसाचा हात, दुसरे काय. कॅन्सर नाही. ॲडिनोमा म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला कोंब, म्हणजेच पॉलिप, आणि डिस्प्लेझिया म्हणजे त्यातल्या पेशींची बिघडलेली ठेवण, तुझ्या बाबतीत सौम्य. पण ‘काही नाही, विसरून जा’ असेही मी म्हणणार नाही.

तू पाठवलेल्या स्लाइड काल धंतोलीतल्या लॅबमध्ये सावकाश पाहिल्या. निरोगी मोठ्या आतड्याच्या ग्रंथींत पेशींची केंद्रके तळाशी एका रांगेत, पंगतीला बसल्यासारखी असतात. तुझ्या पॉलिपमध्ये ती लांबट, गडद आणि एकमेकांवर रेललेली दिसतात, श्लेष्माने फुगलेल्या पेशीही कमी झाल्या आहेत. मात्र ग्रंथींखालचा पातळ पडदा शाबूत आहे. तो फोडून पेशी खाली उतरल्या असत्या, तर मी वेगळे पत्र लिहिले असते.

हे होते कसे, ते सांगतो. आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते, म्हणजे डीएनएची नक्कल अखंड चालूच असते, आणि नक्कल म्हटली की चूक आलीच. ‘एपीसी’ हे जनुक पेशीला ‘आता वाढ पुरे’ असे सांगणाऱ्या यंत्रणेचा भाग आहे. त्याच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की पेशी अस्तरातून गळून पडायची सोडून तिथेच वाढत राहतात आणि पॉलिप उगवतो. पुढे बहुधा पेशीला वाढायला सांगणाऱ्या ‘केरास’ जनुकात डीएनएचे एक अक्षर बदलते, ‘जीजीटी’चे ‘जीएटी’ होते. एवढ्याने वाढीचे बटण चालू स्थितीतच अडकते. शेवटी ‘टीपी-५३’ हे जनुक गेले की बिघडलेल्या पेशीला थांबवणारा किंवा मरायला लावणारा कोणी उरत नाही. फिअरन आणि फोगेलस्टाइन या संशोधकांनी १९९० मध्ये ही साखळी मांडली. सगळे पॉलिप त्या वाटेने शेवटपर्यंत जात नाहीत, आणि जे जातात त्यांनाही साधारण दहा वर्षे लागतात.

क्रम मात्र सर्वत्र हाच नसतो, आणि मला स्वतःला यातले हेच सर्वांत विलक्षण वाटते. स्वादुपिंडात केरासची चूक अगदी आरंभीच येते, तर जळजळीने अस्तर बदललेल्या अन्ननलिकेत टीपी-५३ पुष्कळदा फार लवकर जाते. जठरात तर सुरुवात बहुधा हेलिकोबॅक्टर या जिवाणूमुळे होते. वर्षानुवर्षांची सूज, मग झिजलेले अस्तर, मग जठरातच आतड्यासारखे अस्तर, आणि त्यानंतर कुठे डिस्प्लेझिया. हा जिवाणू दाखवून देणाऱ्या मार्शल आणि वॉरेन यांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. मार्शलने तर तो पिऊन पाहिला होता!

तुझा पॉलिप मुळासकट निघाला आहे. पुढची कोलोनोस्कोपी कधी, हे तुझे पोटविकारतज्ज्ञ ठरवतील. ती तारीख टाळू नकोस. मला खटकली ती पत्रातली शेवटची ओळ: तुझे काका चव्वेचाळिसाव्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेले. काही घराण्यांत डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी जनुकेच जन्मतः सदोष असतात (तुझ्या भाषेत, मुद्रितशोधकच रजेवर!), त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, आणि तिथे दहा वर्षांची वाट दोन-तीन वर्षांत संपू शकते. त्या घरांतल्या बायकांना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही होतो. म्हणून रविवारी अमरावतीहून येताना दोन्ही बाजूंच्या माणसांची यादी करून आण: कोणाला, कुठला, कितव्या वर्षी. आणि आक्कांना विचार, तुझ्या थोरल्या आत्याचे ऑपरेशन नेमके कशाचे झाले होते.

तुझा,
अनंता