वर्षभराच्या सिनेमाचा हिशेब डिसेंबरात मांडता येत नाही

मा. संपादक,

स.न.वि.वि.

वर्ष सरत आले की 'यंदा पाहिलेले दहा चित्रपट' अशा याद्या पुरवण्यांतून आणि वाचकांच्या पत्रांतून येऊ लागतात. त्या वाचायला आवडतात, चार नवी नावे हाती लागतात. मात्र बारकाईने पाहिले तर अशा यादीत वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांचीच गर्दी दिसते. फेब्रुवारीत पाहिलेला एखादा संथ, कमी बोलणारा चित्रपट डिसेंबरपर्यंत मनातून निसटलेला असतो आणि ज्याची चर्चा अजून कानावर पडते आहे तोच वर येऊन बसतो. यात आवडीनिवडीचा दोष नाही, दोष नोंद न ठेवण्याचा आहे. ज्यांना येत्या वर्षाचा खरा हिशेब मांडायचा आहे त्यांनी वही पहिल्या चित्रपटापासून उघडावी. ती कशी ठेवावी आणि कुठे चुकते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

नोंद चित्रपट संपल्यावर अर्ध्या तासात करावी आणि एकही परीक्षण वाचण्याआधी करावी. आधी परीक्षण वाचले की वहीत त्या परीक्षकाचेच शब्द उतरतात आणि आपल्याला काय वाटले होते ते कायमचे हरवते. पाच ओळी पुरतात. कथानक लिहू नये, ते कुठेही मिळते. डोळ्यांत राहिलेले एक दृश्य आणि कानात राहिलेला एक आवाज लिहावा. 'पथेर पांचाली' पाहून 'अप्रतिम छायालेखन, हेलावून टाकणारा अनुभव' असे लिहिले तर वर्षअखेरीस ती ओळ दुसऱ्या कोणत्याही वीस चित्रपटांना चिकटवता येईल. त्याऐवजी 'कांस गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांवर आगगाडीचा काळा धूर. त्याआधी खांबाला कान लावून ऐकलेला तारांचा गुणगुणाट' एवढे लिहिले, तर दहा महिन्यांनीही तो प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो. आठवडा उलटला की त्याच नोंदीखाली वेगळ्या शाईने आणखी एक ओळ लिहावी. त्या रात्री भारावून टाकणारे बरेच काही सात दिवसांत विरून जाते आणि कंटाळवाणे वाटलेले काही मात्र मनात घर करून राहते. वर्षअखेरीच्या निवडीला सगळ्यात जास्त उपयोग या दुसऱ्या ओळीचा होतो.

नाव लिहिणे सोपे वाटते, पण वह्यांमध्ये पहिला घोळ तिथेच होतो. चित्रपटाचे मूळ भाषेतले नाव, दिग्दर्शक आणि निर्मितीचे वर्ष ही तीन्ही हवीतच. दिग्दर्शक व्हिटोरियो डी सिका यांच्या १९४८ च्या इटालियन चित्रपटाच्या मूळ नावात 'सायकलचोर' अनेकवचनी आहेत. अमेरिकेत तो 'द बायसिकल थीफ' या एकवचनी नावाने लागला. शेवटचा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या एका वचनाने किती फरक पडतो ते सांगायला नको. वही दोन नावांनी भरली की एकच चित्रपट दोनदा मोजला जातो. उलट, नुसते 'देवदास' लिहिले तर तो प्रमथेश बरुआंचा १९३५ चा, बिमल रॉय यांचा १९५५ चा की संजय लीला भन्साळींचा २००२ चा, हे पुढे कळणार कसे? 'श्यामची आई'सुद्धा आचार्य अत्रे यांचा १९५३ चा वेगळा आणि २०२३ चा वेगळा. वर्ष लिहिताना तो आपल्या गावात किंवा आपल्या फोनवर कधी आला ते धरू नये, मूळ प्रदर्शनाचे वर्ष धरावे. नाहीतर दशकवार मोजणी सुरू केली की साठ वर्षांपूर्वीचा चित्रपट यंदाच्या खात्यात जाऊन बसतो.

जुन्या चित्रपटांच्या बाबतीत कोणती आवृत्ती पाहिली हेही लिहावे लागते. 'ब्लेड रनर' १९८२ मध्ये निवेदनासह आणि सुखान्त शेवटासह लागला; १९९२ च्या आवृत्तीत ती दोन्ही काढली आणि २००७ मध्ये 'फायनल कट' आला. तीन माणसे तीन आवृत्त्या पाहून एकाच चित्रपटावर वाद घालत बसतात. फ्रिट्झ लँग यांच्या १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या मूकपटाची हरवलेली दृश्ये २००८ मध्ये ब्युनॉस आयर्समधल्या एका १६ मिलिमीटर प्रतीत सापडली आणि २०१० मध्ये ती जोडून चित्रपट पुन्हा दाखवला गेला. त्याआधीची प्रत पाहणाऱ्याने मोठा भाग पाहिलेलाच नसतो. म्हणून वहीत लांबी मिनिटांत लिहावी. लांबी जुळली नाही की शंका येते, आणि ती यायलाच हवी.

आता सगळ्यात दुर्लक्षित रकाना: कशावर आणि कसा पाहिला. थिएटर, टीव्ही, लॅपटॉप, फोन हे तर लिहावेच, पण घरच्या पडद्यावर चित्र जसे बनवले तसेच दिसत होते का, तेही लिहावे. टीव्हीच्या पडद्याच्या रुंदीचे उंचीशी प्रमाण १६:९ म्हणजे १.७८:१ असते. २.३९:१ प्रमाणातला रुंद चित्रपट त्यावर नीट दाखवला, तर वर-खाली मिळून पडद्याची साधारण चौथाई उंची काळी राहते. ते पट्टे नकोत म्हणून झूम केले की दोन्ही कडांचे मिळून चौथाई चित्र कापले जाते. दोन पात्रे पडद्याच्या दोन टोकांना बसून बोलत असतील तर एक नाक आणि एक कान एवढेच हाती लागते, आणि वहीत 'दृश्यरचना विचित्र' अशी नोंद पडते! जुन्या बोलपटांचे प्रमाण १.३७:१. त्यांच्या बाजूंना पट्टे यायलाच हवेत. ते ताणून पडदा भरला तर माणसे साधारण तीस टक्के रुंद होतात. शंका आली तर गाडीचे चाक, ताट किंवा घड्याळाची तबकडी दिसेपर्यंत थांबावे. ती अंडाकृती दिसली तर चित्र ताणलेले आहे. टीव्हीच्या मेनूमध्ये चित्राच्या आकाराचा पर्याय असतो, तिथे मूळ प्रमाण निवडावे.

दुसरा बिघाड हालचालीचा. बोलपट सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम्स) या वेगाने चित्रित होतात. अनेक टीव्ही या चौकटींच्या मधे स्वतः बनवलेल्या चौकटी घालतात, त्यामुळे हालचाल गुळगुळीत होते आणि उत्तम छायालेखनही मालिकेच्या सेटवर झाल्यासारखे दिसते. कंपनीगणिक या सोयीचे नाव वेगळे: मोशनफ्लो, ट्रूमोशन, ऑटो मोशन प्लस. नाव काहीही असो, ती बंद करावी. २०१९ मध्ये जाहीर झालेला 'फिल्ममेकर मोड' ज्या संचात आहे त्यात तो सुरू केला की ही आणि अशा इतर बऱ्याच करामती एकदम बंद होतात. नवा टीव्ही आणल्यावर जुने आवडते चित्रपट 'नाटकी' वाटू लागले, तर आपली आवड बदलली असे मानण्याआधी ही सेटिंग पाहावी.

पाल (PAL) या जुन्या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडींवर तोच २४ चौकटींचा चित्रपट सेकंदाला २५ च्या वेगाने चालतो. शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी दुरुस्त केलेली नसेल तर गाणी आणि संवाद किंचित चढे ऐकू येतात. चार मिनिटे कमी भरली म्हणून सेन्सॉरने कापले असे लगेच समजू नये. सबटायटल्सचे दुखणेही पुष्कळदा इथलेच असते. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच मागे किंवा पुढे असतील, तर प्लेअरमध्ये तेवढी सेकंदे सरकवली की काम भागते. पण सुरुवातीला जुळत होती आणि दहा मिनिटांनी वीस-पंचवीस सेकंदांचा फरक पडला, तर फाइल दुसऱ्या वेगाच्या प्रतीसाठी बनवलेली आहे. ती सरकवत बसण्यात अर्थ नाही, योग्य वेगाची फाइल घ्यावी. आणि अर्धा चित्रपट चुकीच्या सबटायटल्सवर गेला असेल तर नोंदीत तसे लिहावे, मत राखून ठेवावे.

वेग वाढवून पाहण्याबद्दल मात्र मत राखून ठेवण्याचे कारण नाही. दीडपट वेगाने पाहिलेला चित्रपट 'पाहिला' या खात्यात घालू नये. सहा सेकंदांची शांतता चार सेकंदांची होते. संकलकाने ती सहा ठेवली होती, ती चार झाली की नटाचे विचार करणे हे नुसते थबकणे होऊन बसते.

अर्धवट सोडलेले चित्रपटही वहीत हवेत, कितव्या मिनिटाला सोडला आणि का, एवढ्या दोन गोष्टींसह. 'चाळिसाव्या मिनिटाला, झोप आल्याने' आणि 'चाळिसाव्या मिनिटाला, पात्रांशी नाते न जुळल्याने' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला पुन्हा संधी द्यायची असते. तीन बैठकांत पाहिला तर तसे लिहावे. मध्यरात्र ओलांडणाऱ्या खेळाला सुरुवातीची तारीख द्यावी. लघुपटांसाठी वेगळे पान ठेवावे. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा तो लघुपट, तीच रेघ वापरली तर रोजचा वाद मिटतो. मालिका या वहीत नकोतच, नाहीतर आठ भागांची एक मालिका आठ चित्रपटांची जागा खाते.

तारे देण्याची सवय सोडावी असे मला ठामपणे वाटते. जानेवारीतले चार तारे आणि ऑगस्टमधले चार तारे एकाच मापाचे नसतात. सलग तीन सुमार चित्रपट पाहिल्यावर बरा चित्रपटही साडेचार घेऊन जातो. त्याऐवजी तीनच खुणा पुरेत: पुन्हा पाहायचा, एकदा पुरे, ठरवता येत नाही. तिसरी खूण मोकळेपणाने वापरावी. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी सर्वोत्तम चित्रपटांसाठी जाणकारांचा कौल घेते. पहिल्या कौलात वर सांगितलेला चार वर्षांचा सायकलचोर पहिला आला, आणि १९४१ चा 'सिटिझन केन' पहिल्या दहांतही नव्हता. मग १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच वेळा तोच पहिला. २०२२ मध्ये पहिली जागा दिग्दर्शिका शांताल आकेरमान यांच्या १९७५ च्या 'जान दिलमान'ला मिळाली. इतक्या जाणकारांचा कौल दशकांनी बदलतो, तर आपला आठवड्याने बदलला म्हणून संकोच कशाला?

आकड्यांच्या मागे लागू नये, पण आकडे टाळूही नयेत. आठवड्याला दोन या हिशेबाने वर्षाला १०४ चित्रपट होतात, म्हणजे साधारण दोनशे तास. वर्षाला ३६५ चित्रपटांचा संकल्प केला की नोव्हेंबरपासून ऐंशी-नव्वद मिनिटांचेच चित्रपट निवडले जातात आणि 'जान दिलमान'सारखा तीन तासांहून लांब चित्रपट पुढच्या वर्षावर ढकलला जातो. म्हणून संख्येशेजारी तासांची बेरीज ठेवावी आणि पुन्हा पाहिलेले चित्रपट त्यात धरावेत. दुसऱ्यांदा पाहणे म्हणजे वेळ वाया घालवणे नव्हे. शेवट ठाऊक असला की डोळे पहिल्यांदा कडांकडे, पार्श्वभूमीकडे, मागे उभ्या पात्राकडे वळतात.

वही कागदाची असो की स्प्रेडशीट, दोन्ही चालतात. दोनशे पानी वहीत चित्रपटाला अर्धे पान दिले तर वर्ष निभते. स्प्रेडशीटमध्ये तारीख एकाच पद्धतीने आणि इंग्रजी अंकांत भरावी. देवनागरी अंक पुष्कळदा अक्षरे समजले जातात आणि क्रमवारी बिघडते. लेटरबॉक्स्डसारखे अॅप वापरणाऱ्यांनी तिथली नोंद दर तीन महिन्यांनी उतरवून स्वतःजवळ ठेवावी.

वर्षअखेरीस एक मोकळी दुपार काढावी. शंभर नोंदी वाचून रकाने मोजायला दोन तास लागतात. आधी दशके मोजावीत, मग भाषा, मग दिग्दर्शिका किती, मग माध्यम. फोनवर पाहिलेल्यांपैकी एकालाही 'पुन्हा पाहायचा' ही खूण नसेल, तर ते चित्रपट वाईट होते की पडदा लहान होता, हे त्यातले दोन मोठ्या पडद्यावर पाहून ठरवता येते. एखादे दशक कोरे दिसले की पुढच्या जानेवारीची सुरुवात तिथून करावी. दहांची निवड सगळ्यात शेवटी, आणि तीही आठवड्यानंतरच्या ओळी वाचूनच. दहा भरत नसतील तर सातांवर थांबावे.

आपल्याला एक विनंती आहे. यापुढे वाचकांच्या किंवा समीक्षकांच्या याद्या छापताना प्रत्येक नावापुढे दिग्दर्शक, मूळ वर्ष, मिनिटांत लांबी आणि कशावर पाहिला, एवढी एक ओळ मागवून घ्यावी. त्याने जागा वाढते, हे मान्य आहे. मग दहांऐवजी सहाच छापावेत.

आपला,
एक चित्रपटप्रेमी वाचक